एकाच मळ्याचा चहा कसा पारखावा आणि कसा करावा

वर्षभर चव सारखी राहावी म्हणून बाजारातल्या बहुतेक चहात अनेक मळ्यांची पत्ती मिसळलेली असते. एकाच मळ्याच्या चहाची चव मात्र पाऊस आणि खुडणीचा काळ यांनुसार बदलते. त्यामुळे दरवर्षी हुबेहूब तीच चव देण्याचे आश्वासन छापणाऱ्या पाकिटाकडे मी जरा संशयानेच पाहतो.

पाकिटावर मळ्याचे नाव, खुडणीचा हंगाम आणि वर्ष शोधावे. 'दार्जिलिंग' या नावाला २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी ते नाव प्रदेशाचे आहे. त्यावरून मळा कळत नाही. तिथल्या पहिल्या खुडणीचा, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलचा, चहा फिकट आणि फुलांच्या वासाचा असतो, तर मे-जूनचा गडद असून मस्कट द्राक्षांची आठवण करून देतो. 'एफटीजीएफओपी' (फाइनेस्ट टिप्पी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको) यांसारखी अक्षरे पानाची प्रत सांगतात, चवीची हमी देत नाहीत. (त्यातल्या 'ऑरेंज'चा संत्र्याशी काही संबंध नाही.)

ब्रँड एखाद्या कुटुंबाचा असला, तरी मळा त्याच कुटुंबाचा असेलच असे नाही. काही कुटुंबे स्वतः चहा पिकवतात, तर काही लिलावात घेतलेली पत्ती आपल्या नावाने विकतात. दुसऱ्या प्रकारात गैर काही नाही, मात्र पत्ती कोणत्या कारखान्यात आणि कधी तयार झाली, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे.

चहा करताना २०० मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम पत्ती घ्यावी, आणि ती काट्यावरच मोजावी, कारण अखंड पानांचा चमचा भरलेला दिसला तरी वजनाला हलका असतो. पहिल्या खुडणीच्या चहाला ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे पाणी पुरते; आसामच्या काळ्या चहाला उकळते हवे. तीन मिनिटांनी सगळा चहा गाळून घ्यावा, नाहीतर पानांवर राहिलेल्या पाण्यात तुरटपणा वाढत जातो. पहिला घोट तरी दूध-साखरेविना घ्यावा. उरलेली ओली पाने पांढऱ्या बशीत पसरून पाहावीत; कोवळ्या खुडणीची असल्यास कळीला लागून असलेली दोन पाने बऱ्याचदा ओळखता येतात.

दोन मळ्यांची तुलना करायची असेल, तर आयएसओ ३१०३ या मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात दोन ग्रॅम पत्ती सहा मिनिटे ठेवावी. असा चहा पिण्याजोगा राहत नाही, पण पत्तीतले दोष त्यात लपत नाहीत.

फोडलेले पाकीट हवाबंद, अपारदर्शक डब्यात आणि मसाल्यांपासून दूर ठेवावे. चहा शेजारचा वास चटकन धरतो.