कण्हेर, रुई, बिट्टी : या चुका टाळा

तीसेक वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतोय. बेळगाव तालुक्याचा पश्चिम पट्टा आणि थोडा खानापूरचा भाग. कण्हेर बाधलेलं जनावर रोज येत नाही, पण येतं तेव्हा मागची चूक जुनीच निघते. पुन्हा पुन्हा तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदा लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुकलं की विष गेलं, असं धरून चालणं. ओल्या कण्हेरीला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, पान कडू असतं. पुणे-बंगळूर महामार्गाच्या दुभाजकात ती लावतात ती उगाच नाही. पण पान वाळलं की कडूपणा कमी होतो आणि जनावर ते वैरणीबरोबर खाऊन टाकतं. विष मात्र होतं तिथंच राहतं. ओलिअँड्रिन नावाचं ते स्टेरॉइड उन्हानं जात नाही आणि उकळूनही जात नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात लक्ष्मी यात्रा होती. इतक्या वर्षांनी यात्रा, म्हणून घरोघरी रंगरंगोटी आणि झाडलोट. एका घराच्या कुंपणाची कण्हेर छाटून फांद्या रस्त्याकडेला टाकल्या, त्या आठ-दहा दिवस उन्हात पडून वाळल्या. मग कोणीतरी सफाईच्या घाईत तो कचरा ढकलत ढकलत शेजारच्या पिंजराच्या (भाताच्या वाळल्या काडाच्या) ढिगाला नेऊन लावला. यात्रेचा गाडा निघायच्या आदल्या दिवशी मला फोन आला.

"डाक्टर, म्हस सकाळपास्नं उठीनाच झालीया. मिल्क फिवर हाय म्हणून बाटली लावलीया, तरीबी काय फरक न्हाई."

बाटली कोणी लावली? गावात कृत्रिम रेतनाला येणारा एक पोरगा. त्याचं नाव घेत नाही, आता तो बरं काम करतो. जनावर बसलं की कॅल्शियमची बाटली, एवढंच त्याला तेव्हा ठाऊक होतं. अरे, पण म्हैस व्याली कधी? चार महिन्यांपूर्वी. मिल्क फिवर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरून जनावर बसतं तो आजार, बहुतेक वेळा व्याल्यावर दोन-तीन दिवसांत येतो. एवढा एक प्रश्न विचारला असता तर शीर शोधायची वेळच आली नसती.

मी पोचलो तर दोन म्हशी आजारी होत्या. एक आडवी, दुसरी उभी पण शेण पातळ आणि कान गार. आडवीच्या शेपटीच्या मुळाखाली बोटं ठेवली. ठोके मिनिटाला तिसाच्या आसपास, तेही लंगडत. दोन ठोके, मग थांबा, मग तीन घाईघाईनं. दावणीत हात घालून चाळलं, तर पिंजरात लांबट, जाड, चामड्यासारखी पानं. मधली शीर फिकट आणि ठसठशीत, तिच्यातून दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारख्या बारीक शिरा. हे पान एकदा नीट पाहिलं की चुरा झाला तरी ओळखू येतं. आडवी म्हैस मी पिशवी उघडेपर्यंत गेली. बाटलीनं गेली की पानांनी, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण त्या बाटलीनं तिचं भलं नक्कीच झालं नाही.

ते का, हे पोरांनी समजून घ्यावं. हृदयाच्या पेशीच्या भिंतीत एक पंप असतो. तो ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञानं १९५७ साली तो दाखवून दिला, आणि त्यासाठी १९९७ साली त्याला नोबेल मिळालं. कण्हेरीचं विष हाच पंप अडवतं. सोडियम आत साचतं, त्यापायी कॅल्शियमही आत तुंबतं. हृदय आधी जोरानं आणि मग वेडंवाकडं धडकू लागतं. बाहेर रक्तात पोटॅशियम चढतं ते वेगळंच. अशा हृदयाला शिरेतून आणखी कॅल्शियम द्यायचं? माणसांच्या डॉक्टरांत यावर आता दोन मतं आहेत. असू देत. गोठ्यात मॉनिटर नसतो, तिथं मी ही जोखीम घेत नाही. पोटॅशियम असलेलं सलाइनही नको.

दुसरी म्हैस वाचली. नळीनं पोटात कोळशाची पूड (औषधाच्या दुकानातली सक्रिय, चुलीतली नव्हे), ठोके मंद होते म्हणून अॅट्रोपीन, आणि पूर्ण विश्रांती. मालक तिला "जरा फिरवून आणतो" म्हणाला तेव्हा मी ओरडलोच. अशा जनावराला चालवणं म्हणजे दमलेल्या हृदयाला चाबूक मारणं. आणि ताक, गोडेतेल, गूळपाणी बाटलीनं घशात ओतू नका. आडव्या जनावराच्या ते फुफ्फुसात जातं, मग मला दोन आजार काढत बसावे लागतात. बाधलेल्या म्हशीचं दूध डेअरीला घालू नका, घरीही वापरू नका, विष दुधात उतरू शकतं. "थोडंच हाय की हो" हे ऐकून घ्यायची माझी ताकद संपली आहे.

माझी सवय अशी : बसलेलं जनावर दिसलं की औषधाच्या पिशवीला हात लावायच्या आधी पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मग वैरणीत हात घालायचा. नवी पोरं पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतात. लंगडे ठोके पंधरा सेकंदांत सापडत नाहीत.

आता बाकीच्या चुका. पांढरी कण्हेर सोज्वळ आणि लाल तेवढी विषारी, असं काही नाही, सगळ्या सारख्याच. पाण्याच्या हौदावर कण्हेर वाकलेली असेल तर छाटा, पडलेली पानं-फुलं पाण्यात विष सोडतात. फांद्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, धूरही बाधतो. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हिच्या बिया पोरं खेळायला खिशात भरतात. त्या काढून घ्या आणि हात धुवायला लावा.

रुईबद्दल मात्र दोन शब्द जास्त. कन्नड शेजारी तिला एक्क म्हणतात. शनिवारी मारुतीला माळ तिचीच. काटा रुतला की तिचा चीक लावायचा, हा आपला पिढीजात उपाय. आमच्या शेजारच्या काकूंनी माळ ओवता ओवता डोळा चोळला. दुखलं फारसं नाही, म्हणून त्या गप्प राहिल्या. संध्याकाळी दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसू लागलं, सकाळी तो डोळा धुकटला. या चिकानं बुबुळाची आतली नाजूक पेशींचा थर बाधतो आणि बुबुळ सुजतं. दुखत नाही हीच फसगत. डोळा लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. काकूंचा डोळा पंधरवड्यात सुधारला.

आणि काढेवाले. कण्हेरीचं मूळ अमक्याला चांगलं, तमक्याला चांगलं, असं मोबाइलवर बघून उगाळणारे. आयुर्वेदानंच करवीर, म्हणजे कण्हेर, उपविषांत मोजलंय आणि गाईच्या दुधात दोलायंत्रानं (पुरचुंडी टांगून शिजवून) शोधन, म्हणजे शुद्धी, सांगितलंय. शोधन वगळून नुसता उपाय उचलणाऱ्याला आयुर्वेदाचं नाव घ्यायचा अधिकार नाही. माझ्या वडिलांना हृदयासाठी डिगॉक्सिन चालू होतं, ०.२५ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी. तीही कण्हेरीच्या विषाच्याच जातीची, पण फॉक्सग्लोव्ह या विलायती झाडातून आलेली. विदरिंग नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं १७८५ साली त्या झाडाबद्दलची आपली निरीक्षणं छापली, तेव्हाच जास्त झाल्यावर काय होतं तेही लिहिलं होतं. औषध आणि विष यांत इथं अंतर फार थोडं. गोळी चालू असताना वरून काढा घेणारे आमच्या गल्लीत दोन निघाले.

माणसाच्या पोटात गेलं तर उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा, पान पिशवीत घालून सोबत न्या, आणि ईसीजीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जा. सुरुवातीला बरं वाटलं म्हणून घरी परतू नका, ठोके नंतरही बिघडतात. उतारा आहे, मेंढीच्या प्रतिपिंडांपासून केलेला, पण महाग आणि सहज मिळत नाही. केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळानं २०२४ च्या मे महिन्यात नैवेद्य-प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं बंद केलं. जनावरांसाठी १९६२ या नंबरवर फोन करा.

त्या घरच्या मावशींनी नंतर विचारलं, "मग कण्हेर उपटूनच टाकू काय?" मी नको म्हणालो. झाड चांगलं आहे, पूजेला फुलं लागतात. छाटलं की त्याच दिवशी खड्ड्यात पुरा, एवढंच. यंदा तिकडून जाताना पाहिलं, कुंपण ताजं छाटलेलं होतं आणि पिंजराच्या ढिगाभोवती त्यांनी जुन्या साड्यांचा आडोसा बांधला होता.