ॲक्टिव्हिटीचे दहा रकाने भरायला धावताय? आधी या चुका टाळा

दरवर्षी ऑगस्टमध्ये कॉमन ॲप, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज, उघडलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बारावीची पोरं माझ्याकडं फॉर्म घेऊन येतात आणि दरवर्षी चुका त्याच. केसीईटी-नीटसारख्या प्रवेश परीक्षावाल्यांनी हे सोडलं तरी चालेल, तिथं रँक बघतात. अमेरिकेतल्या कॉलेजांना किंवा आपल्याकडं अशोकासारख्या युनिव्हर्सिटीला अर्ज करणाऱ्यांनी मात्र सावकाश वाचा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बारावीत येऊन घाईघाईनं संस्था काढणं. लोगो, इन्स्टा पेज, 'फाउंडर अँड प्रेसिडेंट', आणि काम म्हणाल तर एकदा केलेलं वृक्षारोपण. फॉर्ममध्ये १० ॲक्टिव्हिटी मावतात, वर्णनाला १५० अक्षरं, ती पण स्पेस धरून, आणि प्रत्येकीपुढं कुठल्या इयत्तेत केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे हे टाकावं लागतं. तिथं चार महिन्यांची संस्था चार महिन्यांचीच दिसते की.

कणकुंबीकडचा एक मुलगा आलेला, पहिल्याच रकान्यात पर्यावरण क्लबचा फाउंडर. तास विचारले तर गप्प. मग सहज विचारलं, घरी काय करतोस, तर म्हणाला आजोबांबरोबर पाऊस मोजतो. दुसऱ्या दिवशी कालनिर्णयच्या चार वर्षांच्या गुंडाळ्याच घेऊन आला. जूनपासून प्रत्येक चौकोनात निळ्या पेनानं मिलिमीटर, जुलैत तर तीन आकडी, बुरशीनं कडा काळ्या पडलेल्या. मोजायची वेळ रोज सकाळी ८.३०, हवामान खात्याची असते तीच. मलप्रभा उगम पावते त्या गावाकडचा चार वर्षांचा पाऊस याच्या घरात खिळ्याला टांगलेला आणि फॉर्ममध्ये त्याचा एक शब्द नाही! का, तर "सर, त्याचं सर्टिफिकेट नाही." मी सांगितलं हे पहिलं लिही, त्यानं दहावं लिहिलं, कारण कुठल्या तरी कन्सल्टंटनं लीडरशिप वर पाहिजे म्हणून सांगितलेलं. पुढं शाळेच्या शिफारसपत्रात सरांनी पावसाच्या नोंदींबद्दल अर्धं पान लिहिलं आणि क्लबचं नावही नाही, त्यांना तो माहीतच नव्हता. कुठंच झालं नाही त्याचं त्या वर्षी. कारण कॉलेजं कळवत नाहीत, पण मला अजून वाटतं, तेव्हा मी जास्त अडून बसायला पाहिजे होतं.

म्हणून आता माझी पद्धत अशी, पहिल्या दिवशी फॉर्म उघडायचाच नाही. वहीत लिहायचं, गेल्या आठवड्यात शाळा-क्लास सोडून कुठं कुठं वेळ गेला. खरं सगळं त्यातच सापडतं.

दुसरी चूक, घरचं काम लपवणं. वडगावात घरी माग असलेली एक मुलगी शाळेतनं आल्यावर कांड्या भरायची, रात्री साड्यांचा हिशोब लिहायची, आणि फॉर्ममध्ये 'हॉबी: रीडिंग'. लाज कसली यात? घरच्या जबाबदाऱ्या हा प्रकार फॉर्ममधल्या ॲक्टिव्हिटीच्या यादीतच दिलाय, पगारी कामाचा पण आहे. शेतात रताळी काढता, धाकट्या भावाला सांभाळता, लिहा.

बाकीच्या पटापट सांगतो. पैसे भरून आठवड्याचं इंटर्नशिप सर्टिफिकेट घेऊ नका, त्या पैशांत गावच्या वाचनालयाला पुस्तकं येतील. तासांची बेरीज करून बघा, आठवडा १६८ तासांचाच असतो. दहाच्या दहा रकाने भरलेच पाहिजेत असं नाही, सहा खरे पुरे. 'समाजसेवा केली' लिहू नका, कडोलीच्या साहित्य संमेलनात पुस्तकांचा स्टॉल सांभाळला असेल तर तेच लिहा. शिवजयंतीच्या चित्ररथाचं किंवा दिवाळीतल्या किल्ल्याचं काम हंगामी असलं तरी चालतं, आठवड्यांचा रकाना त्यासाठीच आहे.

आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांना, बाईंना जूनमध्येच भेटा, वही दाखवा. अर्ली, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी करायच्या अर्जाची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते, आणि त्याच्या आसपास आपल्याकडं दिवाळीची सुट्टी पडते.