स्पेक्ट्रमचा डेमो ॲमस्ट्रॅडवर कसा न्यावा

डेमो म्हणजे गेम नव्हे, आणि उपयोगाचं सॉफ्टवेअर तर नव्हेच. जुन्या घरगुती कॉम्प्युटरकडून त्याच्या ऐपतीबाहेरचं चित्र आणि संगीत डोळ्यांदेखत करून घ्यायचं, एवढाच त्याचा उद्योग. ही हौस मुख्यतः युरोपातली. फिनलंडने २०२० मध्ये तिला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. अशा कॉम्प्युटरांपैकी झेडएक्स स्पेक्ट्रम मात्र आपल्याला परका नाही. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला होता, आणि ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या माळ्यावर अजून सापडला तर नवल नाही.

आपण स्पेक्ट्रम १२८ वरचा छोटा डेमो ॲमस्ट्रॅड सीपीसी ४६४ या दुसऱ्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर नेऊ, म्हणजे त्याचा ‘पोर्ट’ करू. दोन्हीत झेड८० प्रोसेसर, दोन्हीत एवाय ध्वनिचिप. त्यामुळे वाटतं, ठाण्याहून मुलुंडला जायचंय. प्रत्यक्षात कर्जत निघतं.

आधी निवड

पहिल्या खेपेला एक स्क्रोलर (सरकणारी अक्षरं), एक प्लाझ्मा (लाटांसारखे हलणारे रंग) आणि संगीत, एवढंच असलेला डेमो घ्या. मूळ कर्त्याला विचारा. परवानगीबरोबर सोर्सही (मूळ लिहिलेला कोड) मिळाला तर अर्धं काम तिथेच झालं. न विचारता केलेलं पोर्टिंग मला तरी पटत नाही.

मग मोजणी

डेमो फ्यूज एम्युलेटरमध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवा. सोर्समध्ये एकच भर घाला: रुटीन (एकेक काम करणारा कोडचा तुकडा) सुरू होताना बॉर्डर, म्हणजे चित्राभोवतीची कड, लाल, संपताना काळी. चालू डेमोच्या कडेला लाल पट्टा उमटतो. पट्टा जेवढा उंच, तेवढा त्या रुटीनचा खर्च. प्रत्येक रुटीनला वेगळा रंग द्या, म्हणजे अख्ख्या फ्रेमचा (चित्र पडद्यावर एकदा उमटायला लागणाऱ्या वेळेचा) जमाखर्च पडद्यावरच दिसतो.

आता वहीत गणित मांडा, कारण पोर्ट इथेच ठरतो. स्पेक्ट्रम १२८ ला एका फ्रेममध्ये ७०,९०८ टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, मिळतात. पुश ही आज्ञा ११ टी-स्टेटमध्ये दोन बाइट लिहिते. म्हणजे कागदावर तरी एका फ्रेममध्ये १२,८९२ बाइट लिहून होतात, आणि स्पेक्ट्रमचा पडदा रंगांसकट अवघा ६,९१२ बाइटचा. सीपीसीचं घड्याळ ४ मेगाहर्ट्झचं, म्हणजे वेगवान दिसतं, पण तिथे प्रत्येक आज्ञा पूर्ण मायक्रोसेकंदांत मोजली जाते. फ्रेममध्ये १९,९६८ मायक्रोसेकंद आणि पुशला ४. झाले ९,९८४ बाइट. पडदा मात्र १६,००० बाइटचा! स्पेक्ट्रमवर दर फ्रेमला अख्खा पडदा नव्याने काढणारा इफेक्ट इथे जसाच्या तसा बसणारच नाही, कोड कितीही घासा.

म्हणून डेमो बघणाऱ्याच्या नजरेत काय भरतं ते आधी ठरवा आणि तेवढंच वाचवा. बाकीचं खुशाल नव्याने लिहा.

पडदा

सीपीसीच्या सीआरटीसी या पडद्याचं माप ठरवणाऱ्या चिपमध्ये रजिस्टर १ मध्ये ३२, रजिस्टर २ मध्ये ४२ आणि रजिस्टर ६ मध्ये २४ घाला. मोड १ या चार रंगांच्या चित्रप्रकारात पडदा बरोबर स्पेक्ट्रमएवढा, २५६ बाय १९२ होतो आणि १२,२८८ बाइटवर येतो. उभ्या दिशेला मधोमध आणायला रजिस्टर ७ थोडं हलवावं लागेल.

चित्रांचं रूपांतर त्यामानाने सोपं. स्पेक्ट्रमच्या एका बाइटमध्ये आठ ठिपके असतात, मोड १ च्या बाइटमध्ये चार, आणि त्यांचा पहिला रंग वरच्या चार बिटांत बसतो. ००११११०० हा बाइट घ्या. वरचे चार बिट जागेवर ठेवून खालचे पुसले की ००११००००. खालचे चार वर सरकवले की ११००००००. झाले दोन बाइट. मराठी स्क्रोलर करायचा असेल तर मात्र ८ बाय ८ च्या चौकटीचा नाद सोडा. ‘ठाणे’ लिहितानाच मात्रा शिरोरेषेवर चढून बसते. १६ बाय १६ घ्या.

प्लाझ्मा जास्त त्रास देतो. स्पेक्ट्रमवर तो बहुधा ७६८ रंग-बाइटांवरच (८ बाय ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला एक) चालतो. सीपीसीला असे रंग-बाइट नाहीत, त्यामुळे प्रत्येक चौकोनाला १६ बाइट लिहावे लागतात. एका फ्रेमला वरचा अर्धा आणि पुढच्या फ्रेमला खालचा अर्धा काढा. मोड १ मध्ये रंग एका वेळी चारच, पण पॅलेट २७ रंगांची आहे. फ्रेममध्ये सहा इंटरप्ट (चालू काम थांबवून ठरलेला कोड चालवायला लावणारे इशारे) येतात, तेव्हा प्रत्येकाला पॅलेट बदलली की पडद्याचे आडवे पट्टे वेगवेगळ्या रंगांत खेळतात. मूळ प्लाझ्मापेक्षा हे वेगळं दिसेल. दिसू दे.

संगीत

चिप तीच असली तरी घड्याळ वेगळं: स्पेक्ट्रमवर १.७७३४ मेगाहर्ट्झ, सीपीसीवर १. आकडे न बदलता वाजवलंत तर काळी पाचचं गाणं जवळजवळ पांढरी एकवर उतरतं. प्रत्येक स्वराच्या आकड्याला ०.५६४ ने गुणा. ४४० हर्ट्झसाठी २५२ च्या जागी १४२. नॉइज (खरखर) आणि एन्व्हलप (आवाजाचा चढउतार) यांचे आकडेही सोडू नका. शिवाय सीपीसीत एवायशी थेट बोलता येत नाही, ८२५५ चिपच्या मार्फत जावं लागतं, म्हणून संगीत वाजवणाऱ्या कोडचा, म्हणजे प्लेअरचा, तेवढा भाग नवा लिहा.

संगीत सहापट वेगाने पळालं तर दोष त्या सहा इंटरप्टचा. प्लेअर फ्रेमला एकदाच बोलवा.

आणि बॉर्डरसाठीचे सगळे आउट (पोर्टवर, म्हणजे चिपांशी बोलायच्या पत्त्यावर, बाइट पाठवणाऱ्या आज्ञा) शोधून काढून टाका. सीपीसी पोर्टच्या पत्त्याचा वरचा बाइट बघतो. स्पेक्ट्रमच्या पद्धतीचा एखादा आउट राहिला तर तो एकदम कित्येक चिपांना जाऊन भिडतो, आणि मग दोष शोधण्यात रात्र जाते.

खऱ्या मशीनवर

विनएप या सीपीसीच्या एम्युलेटरमध्ये नीट चाललं की मगच मशीन काढा. ४६४ ला अँटेना आउटपुट नाही, आरजीबी आहे, आणि त्याचे ५ व्होल्ट त्याच्याच मॉनिटरमधून येतात. मॉनिटर नसेल तर वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा लागेल; जोडण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण तपासाच. सहा पिनांचा डिन प्लग वागळे इस्टेटच्या आसपास नाही मिळाला तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. डेमो भरायला कारच्या स्टिरिओत घालतात तो कॅसेट ॲडॉप्टर चालतो: तो ४६४ च्या डेकमध्ये घाला, दुसरं टोक फोनला, आणि डेमोची ऑडिओ फाइल फोनवर वाजवा, आवाज जवळजवळ पूर्ण. भरताना फोन एरोप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर मध्येच आलेल्या मेसेजचा ‘टिंग’ही डेमोत भरला जातो.

सोसायटीच्या गणपतीत दाखवायचा बेत असेल तर टीव्ही आधी बघून ठेवा. जुना पाल सीआरटी ५० हर्ट्झचाच असल्याने स्क्रोलर लोण्यासारखा सरकतो. कन्व्हर्टरमधून ६० हर्ट्झवर नेलेलं चित्र दर पाचव्या फ्रेमला अडखळतं. कन्व्हर्टर विकत घेतानाच तो ५० हर्ट्झ तसेच पुढे देतो का, ते दुकानात लावून बघा.