पावसाआधी पातेरा भरून ठेवा

कोकणात घरचा कचरा कमी करायचा, तर तयारी मार्च-एप्रिलपासूनच हवी. तेव्हा आंब्या-फणसाखाली पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा थर पडलेला असतो आणि घरोघरी तो लोटून पेटवून देतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो जाळू नका. गोणींत दाबून भरा आणि पडवीत कोरडा ठेवा.

आमच्या गुहागरकडे पाऊस लागला की कोरडं म्हणून काही मिळत नाही. ओला कचरा पाण्याने गच्च होतो, त्यात हवा खेळत नाही, वास सुटतो, अळ्या पडतात. मग कंटाळून माणसं तो पऱ्यात, म्हणजे ओढ्यात नेऊन ओततात. पातेरा हाताशी असेल तर ही वेळच येत नाही.

एखादा जुना पिंप घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा आणि पडवीच्या कडेला विटांवर ठेवा. तळाशी सोडणांचे, म्हणजे नारळाच्या वरच्या काथ्याच्या सालीचे तुकडे पसरा. रोजची देठं-सालं एक ओंजळ टाकली की वर दोन ओंजळी पातेरा. मधूनमधून थोडं शेणकाल्याचं पाणी किंवा आंबट ताक. आठवड्याला काठीने खालवर करा. मूठभर घेऊन दाबून बघा: हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. ठिबकलं तर पातेरा वाढवा. साधारण तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं.

मासळीची खवलं-आतडी मात्र पिंपात नकोत. ती माडाच्या आळ्यात, खोडापासून चार-पाच फूट लांब, दीड फूट खोल पुरा. वर माती चेपून काटेरी फांदी ठेवा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात.

नारळाचं तर काहीच फुकट जात नाही. करवंट्या पाणचुलीला, हिरांचा खराटा, सोडण भांडी घासायला. सोलकढीचा रस काढल्यावर उरणारा चोथा बऱ्याच घरांत टाकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. लोखंडी तव्यावर मंद आचेवर तो लालसर होईपर्यंत परता. निवल्यावर लसूण, तिखट, मीठ आणि दोन आमसुलं घालून कुटा. भाकरीबरोबर अशी चटणी विकत मिळणार नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहते.

फणसाच्या आठळ्या धुऊन सावलीत सुकवा, लाल मातीत लोळवा आणि कोरड्या कोपऱ्यात ठेवा. पावसात भाजी महाग असते तेव्हा अळवात, शेवग्याच्या पाल्यात त्याच कामाला येतात. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या बियाही टाकू नका. वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळा. वर तरंगणारं तेल निवल्यावर थिजतं, त्याचे मुठीने गोळे वळायचे. भेगाळलेल्या टाचांना याच्यासारखं औषध नाही.

उरतं ते प्लास्टिक. बंबात किंवा चुलीत ते जाळूच नका. तो विषारी धूर घरातच फिरतो आणि राख पुन्हा झाडांनाच घातली जाते. रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून वेगळ्या साठवा आणि सुक्या कचऱ्यात द्या. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी मासळी घेताना अजून पिशवी पुढे येते. मी झाकणाचा स्टीलचा डबा नेते. कोळीण मावशी आता डबा बघितला की आपणहूनच त्यात सुरमईच्या तुकड्या घालते. दाराजवळच्या खुंटीला डबा कापडी पिशवीत घालून टांगून ठेवा, म्हणजे निघताना हाताला लागतो.