झेडपी शाळेत नवीन लागताय? ताण कसा सांभाळायचा ते वाचा

डीएड करणाऱ्या आणि नुकतीच ऑर्डर मिळालेल्या पोरापोरींसाठी लिहितोय, खास करून ज्यांना धडगाव, अक्कलकुवा नाहीतर चोपडा-यावलकडचा सातपुड्याचा पट्टा मिळालाय त्यांच्यासाठी. पोरं शिकवून कोणी थकत नाही हो, थकवतं ते बाकीचं सगळं, म्हणून आधी त्याचाच बंदोबस्त करा.

पहिलं म्हणजे वरच्या ऑफिसचं सतत माहिती मागणं. ग्रुपवर दुपारी मेसेज पडतो "तात्काळ भरा" आणि वर्ग तिथंच सुटतो. एक जाड वही करा, त्यात पट, जातनिहाय पट, आधार, जन्मतारखा, बँक खाती, पोषण आहाराचा साठा सगळं एकाच जागी लिहून ठेवा आणि महिन्याला अपडेट करा, मग कोणताही तक्ता आला तरी पटकन भरून होतो. परिपाठानंतरचे पहिले दोन तास मोबाईल कपाटात ठेवायचा आणि हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवायचं. जनगणना, निवडणूक, आपत्तीची कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच आहेत, ती येणारच, त्यावर जीव जाळू नका. त्यापलीकडचं काही सांगितलं तर नम्रपणे "सर, लेखी पत्र द्या" एवढंच म्हणायचं.

आता ज्याने नवीन माणूस सगळ्यात जास्त खचतो ते. दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, होळीआधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो, वर्ग अर्धा रिकामा, आणि आपल्याला वाटतं आपणच कमी पडलो. तसं नसतं. जाणाऱ्या पोराला शिक्षण हमी कार्ड (जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून) द्या, आईबापाचा नंबर घ्या, आणि प्रत्येक पोराचं एक पान करा: आज अक्षर ओळखलं, आज दोन अंकी बेरीज जमली, तारीख टाकून. पोरगं परत आलं की त्याच पानावरून पुढे सुरू करायचं, पहिल्यापासून नाही. निपुण भारतचे (लहान वर्गांच्या वाचन-गणिताचं सरकारी अभियान) टप्पे पण ह्याच पानावर बघा, जिल्ह्याच्या टक्केवारीवर स्वतःला मोजायला गेलात तर वर्षभरात उमेद संपेल, माझं हे ठाम मत आहे.

घरी पावरी, भिली बोलणारी पोरं पहिले काही महिने गप्प बसतात. त्यांच्या भाषेतली गाणी, आकडे, जनावरांची नावं आधी तुम्हीच त्यांच्याकडून शिका, म्हणजे ती मोकळी होतात आणि तुमचाही दिवस हलका जातो. धुळे-जळगावकडच्या गावात अहिराणीचं पण तसंच, पोरं ती बोलली तर त्यांना अडवू नका.

द्विशिक्षकी शाळेत सोबतचा शिक्षक रजेवर गेला की चारही वर्ग तुमच्यावर, तेव्हा मोठ्या पोरांना गटप्रमुख करा. केंद्राच्या (म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत नुसती सही करून निघू नका, तिथं एक तरी माणूस असा धरा ज्याला संध्याकाळी फोन करता येईल.

सुरुवातीला शिक्षण सेवक म्हणून ३ वर्षं महिना १६,००० मानधन, त्यात खोली, पेट्रोल, घरी पैसे. लागल्या लागल्या गाडीचा मोठा हप्ता काढू नका भो, पैशाचा ताण सरळ वर्गात येतो. आणि झोप उडाली, सकाळी शाळेत जायची भीती वाटायला लागली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात, लाजू नका.

जे अजून डीएडलाच आहेत त्यांनी आंतरवासितेला (शाळेतल्या सरावाला) शहरातली शाळा मागू नका, जमलं तर द्विशिक्षकीच मागा. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी), पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट) यांची वाट बघताना रोज तासभर गल्लीतल्या पोरांना वाचायला बसवा, हात चालू राहतो.