जुन्या गाडीचं इंजिन ऑइल घरच्या घरी कसं बदलावं

सहकारनगरमध्ये आमच्या घरासमोर १९९८ सालची मारुती ८०० उभी असते. कार्ब्युरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्राचं) इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. तिचं ऑइल मीच बदलतो, दर ५,००० किलोमीटरला. शहरातच फिरणाऱ्या गाडीचे वर्षात तेवढे होत नाहीत, तरी वर्षाला एकदा बदलायचंच. काम तास-दीड तासाचं. अवघड नाही, पण गाडी उचलताना आणि ऑइल फिल्टर बसवताना अजिबात घाई नको.

सामान आदल्या दिवशीच आणून ठेवा. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात नुसतं ‘आठशेचा फिल्टर द्या’ म्हणू नका. गाडीचं साल सांगा, कार्ब्युरेटर की एमपीएफआय (नंतरचं इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन) तेही सांगा. जुनं ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टचा नवा वॉशर त्याच वेळी मागून घ्या, तो हमखास विसरतो. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. अशा जुन्या इंजिनाला २०डब्ल्यू-४० मिनरल ऑइल पुण्याच्या हवेत छान चालतं. महाग म्हणजे चांगलं असं समजून नव्या गाड्यांचं पातळ ऑइल घालू नका, झिजलेल्या इंजिनात ते सीलमधून झिरपायला लागतं. शिवाय नरसाळं, पसरट घमेलं, चिंध्या, हातमोजे आणि बोल्टच्या मापाचा रिंग पाना लागेल. फिक्स पान्याने बोल्टचे कोपरे झिजतात.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. ऑइल कोमट असलं की पातळ होऊन गाळासकट उतरतं. फार गरम असेल तर हात भाजेल.

आता गाडी उचलणं. जागा सपाट आणि पक्की हवी, फरशी किंवा काँक्रीट. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढची बाजू जॅकने उचलून जॅक स्टँडवर (वजन पेलणाऱ्या लोखंडी तिवईवर) टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. विटांवर तर गाडी कधीच टेकवू नका; वीट वजनाने पिचते, आणि पिचते तेव्हा सांगून पिचत नाही. स्टँडवर ठेवल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. मी स्टेपनीही काढून गाडीखाली आडवी सरकवतो. घरात कोणाला तरी सांगून खाली जा.

ऑइल सोडण्याआधी इंजिनावरचं ऑइल भरायचं झाकण उघडतंय का आणि फिल्टर सैल होतोय का, हे बघून घ्या. ऑइल सोडून बसलात आणि फिल्टर हलेना, तर गाडी जागेवर अडकली.

इंजिनाखाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाला ड्रेन बोल्ट असतो. घमेलं थोडं पुढे सरकवून ठेवा, कारण पहिली धार सरळ खाली न पडता तिरकी येते. बोल्ट पान्याने सैल करा, मग बोटांनी आत दाबत फिरवा आणि शेवटच्या आट्याला झटकन बाजूला घ्या. पंधरा मिनिटं निथळू द्या.

तेवढ्या वेळात ऑइल नीट बघा. काळं असणं साहजिक आहे. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) तपासून घ्या. बोटांवर चोळल्यावर चमचमता चुरा दिसला तर आत धातू झिजतोय. पेट्रोलचा उग्र वास आला तर कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. एकदा मला हा वास आला होता. पंप बदलून घेतला, नाहीतर पातळ झालेल्या ऑइलवरच इंजिन पळत राहिलं असतं.

बोल्टला नवा वॉशर घालून आधी नुसत्या बोटांनी फिरवा. आडवा लागतोय असं वाटलं तर काढून पुन्हा लावा. पुरता बसला की पान्याने बेताने आवळा. एका गॅरेजात आमच्या गाडीचा बोल्ट अंगातला सगळा जोर लावून आवळला होता. पुढच्या वेळी तो काढताना चेंबरचे आटेच बाहेर आले, आणि अख्खं चेंबर बदलावं लागलं.

फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का बघा. जुनी रिंग बऱ्याचदा इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रिंगा एकावर एक होतात, आणि इंजिन चालू करताच प्रेशरने ऑइल बाहेर फेकलं जातं. जागा चिंधीने पुसा, बोट फिरवून खात्री करा. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत न्या, मग आणखी पाऊण फेरा. पाना नको.

गाडी खाली उतरवा. आठशेला तीन लिटरच्या आतबाहेर लागतं. आधी अडीच लिटर ओता, थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पुसून बघा आणि वरच्या खुणेपर्यंत थोडं थोडं वाढवा. खुणेच्या वर जाऊ देऊ नका. झाकण लावून इंजिन चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा, नाही विझला तर लगेच बंद करा. दोन मिनिटांनी खाली वाकून बोल्ट आणि फिल्टरपाशी ओल दिसते का बघा, मग इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक. तारीख आणि किलोमीटर चिठ्ठीवर लिहून बोनेटच्या आत चिकटवा.

उरलं घमेल्यातलं ऑइल. ते गटारात ओतू नका, झाडाच्या बुंध्याला किंवा वाळवीसाठी लाकडालाही लावू नका. आमच्या भागातलं पावसाचं गटार आंबिल ओढ्याला मिळतं आणि ओढा मुठेला. नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये ते भरा, बूच घट्ट लावा आणि जुनं ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या. जुना फिल्टर रात्रभर घमेल्यात उपडा ठेवा, त्यातूनही बरंच ऑइल निथळतं.