पत्रातलं ‘सा. न.’ संगणकाने पूर्ण वाचावं म्हणून

बडोद्याला आमचे दृष्टिहीन काका ईमेलने आलेली पत्रं एनव्हीडीए या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरकडून ऐकतात. पण ‘सा. न.’ आलं की ते दोन सुटी अक्षरं वाचतं आणि काका अडखळतात. यावर उपाय दोन मिनिटांचा आहे:

१. इन्सर्ट धरून एन दाबा. प्रेफरन्सेस, मग स्पीच डिक्शनरीज, त्यात डिफॉल्ट डिक्शनरी.
२. ॲड दाबा. पॅटर्नमध्ये ‘सा. न.’ हे पत्रातूनच कॉपी करून टाका, म्हणजे मधली जागा चुकत नाही. रिप्लेसमेंटमध्ये ‘साष्टांग नमस्कार’.
३. ओके दोनदा. दुसरं राहिलं तर नोंद टिकत नाही.

‘ता. क.’, ‘चि. सौ. कां.’ यांचंही असंच करा.

जपायचं ते ‘ती.’ला. नुसतं ‘ती.’ घालून तीर्थरूप दिलंत, तर ‘आई आली होती.’चं ‘आई आली होतीर्थरूप’ होतं, कारण नोंद शब्दाच्या पोटातही लागू पडते. तिथे पुढच्या शब्दासकट ‘ती. बाबांस’ अशीच नोंद करा. काकांना आता पत्राचा मायना पहिल्यासारखा, पूर्ण ऐकू येतो.